चारही टायर सारखे

सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाला ती नीट थांबते का, हे कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, केवढ्याला पडली? पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कनं या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ केलं होतं आणि त्याला शेपूटही जोडलं होतं, "शिवाय इंजिनाची ओढ चारही चाकांना आहे!" 'चारही' म्हणताना ते चार बोटं वर करत. समोर साहेब असो की मीटर वाचणारा, बोटं चारच.

गाडी हौसेची नव्हती. त्यांच्या बायकोची बदली टेकडीवरच्या शाळेत झाली होती. रस्ता उभा, आणि दगडखाणीच्या ट्रकांनी त्यावर कायमचा राडा केलेला. बाई स्वतः गाडी चालवत. मागं शाळेतल्या दोघीजणी बसत. शुक्रवारी उतरताना शेवटच्या वळणावर बाईंनी ब्रेक दाबला, आणि गाडीनं ते मनावरच घेतलं नाही. घसरत गेली ती कठड्यापासून वीतभरावर थांबली. मागच्या दोघींपैकी एकीनं संध्याकाळीच कळवलं, "सोमवारपासून माझी मी येईन हं."

"चारही चाकं ओढतात, मग घसरली कशी?" हेडक्लार्कनं विचारलं. आवाजात गाडीपेक्षा बायकोवरचा संशय जास्त होता.

"ते गाडीला विचारा. सोमवारी मला त्याच वळणावरून उतरायचंय. तुमची चार बोटं तिथं मला धरायला येणार नाहीत."

म्हणून शनिवारी दुपारी हेडक्लार्क टायरच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकानदाराला सगळे काका म्हणत. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसले आणि मागच्या टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"हे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन साल. मुलगी कितवीत आहे तुमची?"

"पाचवीत."

"टायर तिच्याहून थोरला आहे."

"पण चकाकतोय की, काका!"

"पॉलिश आहे. विकायच्या आदल्या दिवशी लावतात. नवरदेवाच्या केसांना कलप लावतात तसं."

मागची जोडी अशी पिकलेली, वर गुळगुळीत. पुढची जोडी मात्र गेल्याच वर्षीची, अर्धी झिजलेली. हेडक्लार्कनं मनातल्या मनात बेरीज केली आणि खूश झाले. "मग मागचे दोनच बदला. आणि ते मोठ्या दातांचे घाला, शेजाऱ्यांच्या जीपला आहेत तसले."

"बाई जंगलात शिकवतात का?"

"शाळेत."

"मग दात कशाला? ओल्या डांबरावर पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. आणि दोन नाही, चार. झिजलेलं चाक लहान होतं, लहान चाक जास्त फिरतं. तुमच्या गाडीत चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली. दोन मोठी, दोन लहान घातलीत, तर मधला गिअर त्यांची भांडणं सोडवण्यातच संपेल."

"पण चारही चाकं ओढतात..."

"ओढतात, साहेब. चढवतात. थांबवत नाहीत. थांबवतो तो टायर."

हेडक्लार्कची बोटं वर आली होती, ती हळूच खिशात गेली. पैसे मोजले. चारांना कमी पडत होते. जुने चारही विकले गेले, तर मात्र बरोबर जमत होतं.

गिऱ्हाईक दारातच उभं होतं. लाँड्रीची व्हॅन चालवणारा माणूस, इस्पितळाच्या चादरी पोचवणारा. माप त्याच्या गाडीचंच. "काका, साहेबांचे जुने निघाले तर मला. पुढचे परवडायचे नाहीत, मागचे दोन द्या."

"पुढचे दुसरा कुणी नेईल. मागचे घेऊन टाका!" हेडक्लार्क घाईनं, हसून म्हणाले. वाट्याला आलेली बला इतक्या सहज जाते आहे, हे पाहून त्यांना हलकं वाटलं.

काका उठले, भिंतीवरचा वाकडा सुरा घेतला. "एवढे जुने टायर मी विकू देत नाही. मालकासमोर कापतो. दुकानाची रीत आहे."

"अहो, माझा माल आहे!"

"म्हणून तर तुमच्यासमोर."

"त्याला चालतंय की! मी काय जबरदस्ती करतोय?"

"तुम्हाला कुणी जबरदस्तीनं विकले होते?"

हेडक्लार्कना आठवलं, गाडी देताना पहिल्या मालकानं बॉनेटवर थाप मारली होती. 'घरच्यासारखी वापरलीय' म्हणाला होता. आत्ता आपण लाँड्रीवाल्याकडे बघून तस्सेच हसलो! अगदी तस्सेच!

पण पंचाईत पुढंच होती. लाँड्रीवाला सुऱ्यासमोर हात धरून म्हणाला, "काका, कापू नका. माझ्या मागच्या चाकांची तार दिसतेय. हे त्यापेक्षा बरे. तुम्ही कापाल, आणि मी तारेवरच जाईन. मालक म्हणतो, टायर तुझे तू बघ, जमत नसेल तर चावी ठेव."

काका सुरा धरून तसेच उभे राहिले. इतका वेळ प्रत्येक गोष्टीला उत्तर देणारा हा माणूस. "याचं उत्तर माझ्याकडे नाही रे," ते म्हणाले. "तेवीस वर्षं कापतोय. कापल्यावर माणूस कशावर जातो, ते बघायला मी रस्त्यावर जात नाही."

बाहेर रिमझिम सुरू होती. हेडक्लार्कनं पुन्हा बेरीज केली, मग वजाबाकी. काहीही करा, एक चाक हवेत राहत होतं. एकीकडे सोमवारचं वळण, दुसरीकडे ही तार.

"पुढची जोडी याला द्या," ते शेवटी म्हणाले. "मागच्याच्या भावात. मागचे कापा."

"मग तुमचे चार होत नाहीत, साहेब."

"माहितेय. गाडी इथंच राहू द्या. पगार झाला की बघू."

सुरा रबरात शिरताना फारसा आवाज झाला नाही. काकांनी व्हॅनची मागची चाकं बदलली. चांगले टायर मागंच हवेत, नाहीतर गाडी शेपूट फिरवते, एवढंच बोलले. हेडक्लार्क वाकून व्हॅनच्या पुढच्या चाकांकडे बघू लागले. तीही गुळगुळीत होती. लाँड्रीवाल्यानं त्यांची नजर पकडली.

"राहू द्या, साहेब. दोन तर झाले."

हेडक्लार्कनं घरी फोन लावला. गाडी ठोकळ्यांवर आहे, सोमवारी नाही. लाँड्रीवाल्याचं आणि त्याच्या चाकांचंही सांगितलं.

"म्हणजे घरची गाडी असून मी दोन बस बदलत जाऊ? पाचला उठून?"

"हो."

"कार्यालयात काय सांगाल? चार बोटांचं काय झालं?"

"काय झालं तेच सांगीन."

बाई म्हणाल्या, "शुक्रवारी मी वीतभर अंतर बघितलंय हो. बसनं जाईन. पण त्या माणसाच्या पुढच्या चाकांचं कोण बघणार?"

चादरी भरलेली व्हॅन ओल्या रस्त्याला लागली. वळणावर तिचे ब्रेकचे दिवे पेटले, आणि ते विझेपर्यंत हेडक्लार्कनं श्वास सोडला नाही.

मंडळी, आपण आपल्या घरातून धोका काढतो, त्याला पॉलिश लावतो आणि ज्याला परवडत नाही त्याच्या गळ्यात बांधतो. वर म्हणतो, त्यालाच हवा होता! एका हेडक्लार्कच्या पगारानं सगळ्या व्हॅनची चाकं बदलत नाहीत, हे खरं. पण ज्यावर आपली माणसं बसवायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याला विकू नये. एवढं तरी आपल्या हातात आहे. आणि एवढंच हातात आहे, याची लाजही वाटली पाहिजे.