खळ्यावरचं वारं

कासारवाडीची वस्ती जिथे संपायची तिथे, पश्चिमेच्या अंगाला, गावाचं सामाईक खळं होतं. बैल फिरून फिरून जमीन दगडासारखी टणक झालेली. सगळ्या घरांची ज्वारी तिथेच मळली जायची, आणि दुपार कलली की घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यावर बाया-माणसं ती उपणून दाणे आणि कोंडा वेगळा करायची. खळ्याच्या पलीकडचं रान आबाजींचं. आबाजी गावचे सरपंच, आणि भागूबाईच्या नवऱ्याचे चुलतभाऊ.

माघ महिन्यात एके सकाळी भागूबाई खळं सारवायला शेणाची पाटी घेऊन आली, तर आबाजींच्या रानात परकी माणसं दोऱ्या ताणून चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत होती. छत्री टेकून एक गृहस्थ त्यांच्यावर नजर ठेवून उभे होते. ते उद्धवराव, पुण्याचे कंत्राटदार.

"काय चाललंय हितं?" भागूबाईने विचारलं.

"चाळ बांधतोय. चार मजली."

भागूबाईने मान वर केली. चिंचवडच्या जुन्या वाड्यांना एक माडी होती, एवढंच तिने उंच पाहिलेलं. चार मजले कुठवर जातील याचा तिने अंदाज घेतला आणि ती घाटाच्या बाजूला बघू लागली.

"आन् आमचं वारं?"

"वारा?" उद्धवराव हसले. "बाई, जमीन मी विकत घेतली आहे. वारा तुम्ही कुणाकडून घेतलात?"

रेघा मारणारी माणसंही हसली. भागूबाईने पाटी तिथेच ठेवली आणि तडक आबाजींच्या घराकडे निघाली.

आबाजी ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी काहीही लपवलं नाही. पिंपरीला कारखाने निघाल्यापासून दूरदूरची माणसं कामाला येत होती, त्यांना राहायला जागा नव्हती. उद्धवरावांनी चांगला भाव दिला, रस्त्याच्या बाजूचे दोन गाळे द्यायचं कबूल केलं, आणि आबाजींनी रान विकलं.

"भावजी, रान तुमचं. तुमी इका, न्हाईतर पडीक ठेवा. पन चार मजल्याची भिंत मावळतीला उभी ऱ्हायली, तर आमी ज्वारी उपणायची कशी? तोंडानं फुंकून?"

"वैनी, जग कुठं चाललंय आन् तुमी कुठं? उद्या उपणायला यंत्र येईल."

"उद्या येईल. औंदाच्या ज्वारीचं काय?"

"बायामाणसांनी ह्यात पडू न्हाई." आबाजींनी पानाचा विडा तोंडात घातला. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

भागूबाईच्या लेखी संपला नव्हता. संध्याकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली. सगळेच तापले होते, पण सरपंचांच्या तोंडावर बोलायला कोणी धजेना. शेवटी भागूबाईचा नवरा बाळाजी आणि आणखी चार जण गावाचा अर्ज घेऊन पुण्याला, बांधकामाचे नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत गेले. भागूबाईही हट्टाने सोबत गेली. सकाळपासून बाकावर बसवून ठेवल्यावर तिथल्या साहेबांनी त्यांना आत घेतलं.

"नकाशा मंजूर झालेला आहे," साहेब म्हणाले. "उजेड अडत असेल, रस्ता अडत असेल, तर बोला. खळ्याचा वारा अडतो ही तक्रार कुठल्या कलमात बसवू?"

"दाणं आन् कोंडा येगळा कसा करायचा ते तरी सांगा, साहेब," बाळाजी म्हणाला.

"पंखा लावा की!"

"गावात वीज न्हाई."

साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली. परतताना गाडीत भागूबाई धुमसत होती. हसण्यावारी नेलेलं तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. वर्षभर राबून पिकवलेल्या धान्याची गोष्ट होती आणि ऐकणारा प्रत्येक माणूस दात काढत होता.

घरी आल्यावर हा राग भलत्याच माणसावर निघाला. भागूबाईच्या गोठ्यातला अर्धा भाग पडवीसारखा करून तिने एका जोडप्याला राहायला दिला होता. ज्योतीराम आणि मंजुळाबाई, उस्मानाबादकडचे. दुष्काळात गाव सोडून आलेले. ज्योतीराम कारखान्यात लागला होता, शिफ्टमध्ये जायचा. मंजुळाबाई दारात तान्ह्या मुलीला शेक देत बसली होती.

"तुमच्यापायी चाललंय हे सगळं," भागूबाई म्हणाली. "तुमाला माड्या पायजेत म्हणून आमचं खळं मारायचं!"

मंजुळाबाईने पोरीला खांद्यावर घेतलं. एरवी ती खाली मान घालून बोलायची. त्या दिवशी तिने मान वर ठेवली.

"मावशी, तुमी जागा दिली, तुमचं उपकार हायेत. पन हितं रातभर वारं घुसतंय. ह्या लेकराची छाती भरून येती. म्हशीचं मूत आमच्या चुलीपत्तुर येतंय. आमी काय माडीचा सोस करतोय व्हय? आमाला दार लागंल अशी एक खोली पायजे. ती मागितली तर आमचं काय चुकलं? तुमी आडवं पडा, खुशाल पडा. पन मग आमी ऱ्हावं कुठं, ते बी सांगा."

भागूबाई तरातरा आत गेली. स्वयंपाक करताना ती स्वतःशीच पुटपुटत होती आणि तव्यावरची भाकरी करपली. जेवताना तिने बाळाजीला विचारलं, "अवो, आबाभावजींचं उगवतीचं रान पडीकच हाय ना? सडकेकडचं?"

"हाय की. मुरमाड हाय, काय पिकत न्हाई त्यात."

"मग चाळ तिथं बांधली तर कुणाचं वारं आडतंय?"

दुसऱ्या दिवसापासून गावाची मागणी बदलली. चाळ नको असं कोणी म्हणेना. चाळ बांधा, पण उगवतीला बांधा. सडक जवळ, कारखाना जवळ. भागूबाई हेच आबाजींना जाऊन सांगून आली, बाळाजी उद्धवरावांना. आबाजी म्हणाले, सौदा झाला. उद्धवराव म्हणाले, पाया आखला. ऐकायची कोणालाच गरज वाटत नव्हती, कारण वाट पाहिली की गावकरी आपोआप गप्प बसतात असा दोघांचाही अनुभव होता.

सुगी आली. खळ्यावर कणसांचे ढीग पडले, बैल फिरले, मळणी झाली. बाळाजी उंच तिपायी वावडीवर उभा राहून पाटीतून दाणे सोडत होता, कोंडा उडून पलीकडे पडत होता, आणि खाली ज्वारीची रास वाढत होती. तेवढ्यात घुंग घुंग करत दगडांनी भरलेला एक ट्रक आला. आबाजींनी विकलेल्या रानात जायला खळ्यावरूनच वाट होती.

"बाजूला व्हा!" ट्रकबरोबर आलेले उद्धवराव ओरडले. "सरपंचांनी वाट दिली आहे."

"खळं गावाचं हाय!" बाळाजी वावडीवरून ओरडला. "रास उचलल्याबिगर वाट न्हाई."

"रोज हेच ऐकू का मी? चल रे, घे गाडी!"

ड्रायव्हर घुटमळला. उद्धवरावांनी ट्रकच्या फळीवर थाप मारली. ट्रक पुढे आला आणि त्याचं चाक राशीच्या कडेवरून गेलं. पांढरीशुभ्र ज्वारी मातीत रुतली, काही दाणे चाकाला चिकटून वर गेले. भागूबाई आडवी धावली तेव्हा ट्रक थांबला. ती टायरला चिकटलेले दाणे हाताने खरवडून पदरात घेऊ लागली.

ओरडली ती मंजुळाबाई. ती पोरीला कडेवर घेऊन गोठ्यातून धावत आली होती.

"अवो सायेब! अन्नावर गाडी घातली तुमी? आमच्याकडं दुष्काळात बाया मुंग्यांच्या वारुळातनं दाणं येचत होत्या. मी येचलेत ह्या हातानं! आन् तुमी चाकाखाली तुडवता? माझ्यासाठी बांधताय ना ही चाळ? मग ऐका. ह्या जागंवरच्या घरात मी पाय ठेवणार न्हाई. मेले तरी न्हाई."

पाया खणायला आणलेले मजूर पलीकडे उभे राहून बघत होते. त्यांतले बरेचसे तिच्याच मुलखातले. एका म्हाताऱ्याने टिकाव खाली टाकला आणि येऊन मातीतले दाणे वेचायला बसला. मग दुसरा आला, तिसरा आला. उद्धवरावांनी दम दिला, पोलीस आणायची भाषा केली. कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने ड्रायव्हरही खाली उतरला आणि वेचणाऱ्यांत बसला.

ज्योतीराम शिफ्टवरून आला आणि बायकोने सगळं सांगितलं, तेव्हा तो न जेवताच परत कारखान्याच्या फाटकावर गेला. दुसऱ्या पाळीची माणसं आत जात होती, पहिलीची बाहेर येत होती. त्याने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. ज्यांनी चाळीत खोलीसाठी नाव घातलं होतं ती सारी माणसं कुठल्या ना कुठल्या गावाची होती, प्रत्येकाने खळं पाहिलेलं होतं. आठवडाभरात ती एकेक करून उद्धवरावांच्या मुनीमाकडे गेली. सडकेकडे बांधत असाल तर खोली घेऊ, खळ्याकडे बांधत असाल तर नाव काढा.

गावाच्या अर्जाला, साहेबांच्या बाकावर घालवलेल्या दिवसाला जे जमलं नाही ते याने झालं. भाडेकरूच नाहीत म्हटल्यावर उद्धवराव आबाजींच्या ओट्यावर आले, आणि रानाची अदलाबदल झाली. मावळतीचं रान आबाजींकडे परत आलं, उगवतीचा मुरमाड तुकडा उद्धवरावांकडे गेला. चाळ सडकेला उभी राहिली. चार मजलीच. सकाळी तिची सावली गावावर पडायची, पण सावलीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

उद्घाटनाला मांडव घातला होता. उद्धवरावांनी भाषण केलं. कामगारांच्या सोयीसाठी आणि गावाच्या हितासाठी सरपंचांनी थोर मनाने आपली सडकेकडची जमीन दिली, असं म्हणून त्यांनी आबाजींच्या गळ्यात हार घातला. आबाजींनी हात जोडले. टाळ्या वाजल्या.

भागूबाई बायकांत बसली होती. ती उभी राहिली.

"थोर मन?" तिचा आवाज मांडवाच्या शेवटापर्यंत गेला. "भावजी, तो हार काढा. तुमी गाव इकायला काढलं होतं. ह्या बाईनं," तिने शेजारच्या मंजुळाबाईचा हात धरून वर केला, "डोक्यावर धड छप्पर न्हाई, पोरगी आजारी, तरी हिनं घरावर पाणी सोडलं. त्या खणणाऱ्यांनी मजुरी सोडली. त्यांचं नाव न्हाई घेतलं कुणी. आन् राशीवर गाडी घालणारा हितं खुर्चीवर बसून भाषण करतोय!"

"वैनी, खाली बसा," आबाजी दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई बसत."

उद्धवराव घड्याळाकडे बघू लागले. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, बहुतेक खणणाऱ्यांपैकी, आणि मागच्या रांगांतून ती पुढे येत गेली. आबाजींनी हार काढला नाही, पण त्यांची मान वर झाली नाही.

भागूबाई मांडवातून बाहेर पडली. मंजुळाबाईची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भागूबाई आयुष्यात इतक्या पायऱ्या कधी चढली नव्हती. मधे दोनदा कठड्याला धरून थांबली, आबाजींच्या नावाने आणखी थोडं बोलली, आणि वर पोचल्यावर पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली.

"दार लाव गं," ती म्हणाली. "लागतंय का बघू."

मंजुळाबाईने दार लावलं. नीट लागलं.