मागची खुर्ची

माझ्या धंद्यातला पहिला नियम असा, की समोरचा माणूस चुकत असेल तर त्याला चुकू द्यायचं. मी ऑनलाइन दुकानदारांसाठी स्क्रीन आखते. कुठलं बटण कुठे ठेवायचं, त्यावर काय लिहायचं आणि काय अजिबात लिहायचं नाही, हे ठरवते. आखून झालं की एखाद्या खऱ्या दुकानदाराला कॉम्प्युटरपुढे बसवायचं, आपण त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. तो भलतीकडे भरकटला तरी बोट दाखवायचं नाही. मला हे फार जड जायचं, कारण मी मुळात आगाऊ. मग मास्तरांनी मला एक युक्ती शिकवली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. मी अजून तशीच बसते.

मास्तर म्हणजे आमच्या छोट्या कंपनीचे मालक. पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून मास्तर. मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी कामावर घेतलं, आणि आज मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे येतं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

गेल्या वर्षी आम्हाला मोठं काम मिळालं. एका बड्या ऑनलाइन बाजाराला त्यांच्या दुकानदारांसाठी कर भरायची सोय हवी होती, तीही बाजाराच्या आतच. दुकानदार रोज विक्री बघायला जी स्क्रीन उघडतो, तिथेच एका कोपऱ्यात ‘कर’ असं बटण. विक्रीचा हिशेब बाजाराकडे असतोच, तो आपोआप येणार. दुकानदाराने फक्त खरेदीची बिलं चढवायची, कारण मालावर आधीच भरलेला कर वजा होतो. मग एक नजर टाकायची आणि रिटर्न सरकारकडे रवाना. सल्लागाराच्या दारात चपला झिजवायला नकोत, शेवटच्या दिवशी धावपळ नको. मला ते काम मनापासून आवडलं. भल्याभल्यांना कराच्या नावाने घाम फुटतो, तो घाम कमी करायचा होता.

चाचणीसाठी मास्तरांना सगळ्यात संशयी दुकानदार हवा होता. “पटकन हो म्हणणारा आपल्या काय कामाचा? हट्टी माणूस आण,” म्हणाले. हट्टी माणूस शोधायला मला बाहेर जायची गरजच नव्हती.

माझी थोरली बहीण मांजरांच्या गाद्या विकते. हसा, मीही पहिल्यांदा हसले होते. म्हटलं, ताई, जगात माणसांना पाठ टेकायला जागा नाही आणि तू मांजरांच्या गाद्या शिवतेस? पण भावजींची नोकरी गेल्यापासून त्यांचं घर त्या गाद्यांवरच चाललंय. तिच्या गादीत मांजर एकदा बसलं की उठत नाही, कारण आतलं भरण वेगळं. एका टोप्यांच्या कारखान्यात लोकरीचे तुकडे उरतात, ते ती आणते, उसवते, पिंजते आणि भरते. कापूस, स्पंज, जुने स्वेटर, सगळं करून बघून वर्षानुवर्षांनी तिला हे सापडलं होतं. घरात एक जाडा बोका आहे, त्याचं नाव इन्स्पेक्टर. त्याने झोपून पास केल्याशिवाय नव्या मापाची गादी विक्रीला जात नाही.

ताई संशयी आहे ती उगीच नाही. तिच्या आधीच्या सल्लागाराने रिटर्न भरलंच नव्हतं, आणि दंड हिला बसला. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताक फुंकून पिते.

पहिल्या चाचणीला ती तिच्या शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली. मागे दोन खुर्च्या, एक माझी, एक मास्तरांची. टेबलावर दोऱ्यांची रिळं, जमिनीवर लोकरीचा ढीग आणि ढिगावर इन्स्पेक्टर. विक्रीचा हिशेब बघून ताई खूश झाली. खरेदीच्या पायरीवर मात्र तिने माऊसवरचा हात काढला.

“ही बिलं कोण कोण बघणार?” तिने विचारलं.

मी हात मांड्यांखाली आणखी दाबले. नियम म्हणजे नियम.

“अगं, बोल की! लोकर कुठून आणते हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि ते सगळं इथे चढवू?”

ती पुढे गेलीच नाही. मास्तरांनी वहीत काहीतरी टिपलं. परतताना गाडीत म्हणाले, “सगळे दुकानदार इथेच अडणार. त्यांना काय सांगितलं की हात पुढे जाईल, ते शोध.”

“पण मास्तर, बिलं खरंच बाजाराला दिसणार नाहीत ना?”

“छे! मध्ये आपण बसलोय ना. बिलं आपल्याकडे येतात, आपल्याकडून सरकारकडे जातात. बाजाराचा काय संबंध?”

मी निर्धास्त झाले. पुढचे कितीतरी दिवस मी एकाच वाक्याच्या मागे होते. गोड लिहिलं की लबाड वाटायचं, कायद्याच्या भाषेत लिहिलं की भीती वाटायची. शेवटी ताईशी बोलते तसं लिहिलं: ‘तुमची खरेदीची बिलं बाजाराला दिसत नाहीत. ती फक्त तुमच्या करासाठी वापरली जातात.’ बटणाच्या बरोबर वर, ठळक अक्षरांत. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “झकास.” त्यांच्या तोंडून हा शब्द क्वचित निघतो. मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या चाचणीत ताई पुन्हा त्याच पायरीवर थांबली. हात माऊसवर तसाच राहिला. मी मागे, हात मांड्यांखाली. मग तिने बटण दाबलं आणि एकेक करून सगळी बिलं चढवली, टोपीवाल्याचीसुद्धा. मास्तरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. वाक्याने काम केलं होतं.

त्याच दिवशी आम्हाला आणखी एक गोष्ट तपासायची होती. एखादं बिल चुकीचं असेल तर स्क्रीन काय करते, आणि दुकानदार काय करतो? त्यासाठी मी एक खोटं बिल तयार करून ताईच्या खात्यात घुसवलं होतं. दुकान अस्तित्वात नसलेलं आणि माल म्हणजे अक्रोडाची टरफलं, पोतीच्या पोती. उगीच, गंमत म्हणून. स्क्रीनने बरोबर लाल खूण केली. ताईने चष्मा शोधून लावला, वाचलं आणि खुर्चीतच गर्रकन वळली.

“टरफलं? गादीत? अगं, मांजर सोड, उंदीरसुद्धा झोपणार नाही!”

मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ताईने ते बिल काढून टाकलं, आणि त्याशिवाय रिटर्न गेलं. चाचणी पास. नंतर ज्या ज्या दुकानदारांना बसवलं ते सगळे त्या पायरीवर थांबले, वाक्य वाचून पुढे गेले. बाजाराने आमचं काम सगळ्यांसाठी खुलं केलं.

मग काही महिन्यांनी ताईचा फोन आला. आवाज कोरडा होता.

“बाजाराने स्वतःची मांजराची गादी काढलीय. माझ्याच मापाची, माझ्यापेक्षा स्वस्त. सगळ्यात वर तीच दिसते, माझी शोधायलाच खाली खाली जावं लागतं. आणि टोपीवाला म्हणतोय, तुकडे आता मिळणार नाहीत. एका मोठ्या गिऱ्हाइकाने सगळे बांधून घेतलेत.”

“टोपीवाल्यानेच तोंड उघडलं असेल.”

“त्याला माहीतच नाही मी त्या तुकड्यांचं काय करते. त्याला वाटतं मी उशा भरते.” मग तिने विचारलं, “तू कुणाला बोललीस का?”

मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. सख्खी बहीण, आणि माझ्यावर संशय घेते! मग स्वतःला समजावलं, पोट हातावर असलं की माणूस कुणावरही संशय घेतो. मी बाजाराची ती गादी मागवली आणि ती आल्यावर ताईकडे घेऊन गेले. तिने कात्री माझ्या हातात दिली.

मी शिवण उसवली. आत लोकरीचे तुकडे निघाले, तेच. ताईने ते बोटांत चुरगाळून बघितले आणि मान हलवली. त्याच्या खाली कापडाची एक सपाट पिशवी होती. उचलली तर खुळखुळली. ताईने ती फाडली आणि टेबलावर उपडी केली.

अक्रोडाची टरफलं.

खोक्यावर लिहिलेलंसुद्धा होतं, ‘अक्रोडाच्या टरफलांचा खास थर, ऊब टिकवतो.’ इन्स्पेक्टर उडी मारून टेबलावर आला, त्याने हुंगलं, आणि शेपटी फिरवून निघून गेला. मला आधी हसू फुटलं, मग लक्षात आलं. ते बिल जगात एकाच जागी होतं. टोपीवाल्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. सरकारकडे ते कधी गेलंच नाही. आमच्या स्क्रीनमध्ये चढलं आणि तिथेच पुसलं गेलं, आणि त्या थोड्या वेळात कुणीतरी आतून ते उचललं. मग बाजाराच्या कुणा दीडशहाण्याने ताईची बिलं समोर ठेवून तिच्या गादीची कृती लिहून काढली. आयत्या बिळावर नागोबा, तोही वाचता येणारा.

“ही तुझी टरफलं ना?” ताई म्हणाली.

मी टरफलं दुसऱ्या पिशवीत भरली आणि तशीच मास्तरांकडे गेले.

त्यांच्या टेबलावर पिशवी ठेवली. त्यांनी आत बघितलं, चष्मा काढला आणि काचा पुसत बसले. एखादं तरी कारण देतील, निदान चकित तरी होतील, असं मला वाटत होतं. चकित झाले असते तर मी पुन्हा विश्वास ठेवला असता, इतकी मी वेडी.

“करारातच होतं,” ते म्हणाले. “बिलं त्यांना दिसली पाहिजेत, ही पहिली अट. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मी गाडीत विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू ते वाक्य लिहिलं असतंस?” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “तुला खोटं लिहिता येत नाही. प्रयत्न केलास तरी वाचणाऱ्याला कळतं. तुझा विश्वास होता म्हणून त्यांचा बसला. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं.”

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. पूर्वी माझी एखादी स्क्रीन चांगली जमली की ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्यांना बापाच्या जागी मानत होते, आणि त्यांनी माझा खरेपणा एखाद्या पान्यासारखा वापरून खोक्यात परत ठेवला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“ते वाक्य काढा,” मी म्हणाले.

“काढलं तर कुणी बिलं चढवणार नाही.”

“मग मी जाते.”

“जा. वाक्य राहील.”

मी गेले. डोक्यात संताप नुसता खदखदत होता. बाहेर रस्त्यावर लोक फोनमध्ये माना घालून चालले होते, आणि मला प्रत्येकाला थांबवून विचारावंसं वाटत होतं, तुमचं दुकान आहे का हो, त्या बटणावर काय लिहिलंय ते वाचलंत का. कुंपण मीच घातलं होतं, आणि शेत खायची सोय त्याच्यातूनच झाली होती.

ताईकडे पोचले तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसली होती. नवं रिटर्न भरायची मुदत आली होती, आणि समोर तीच पायरी उघडी होती. मी सवयीने मागची खुर्ची ओढली आणि बसले. हात आपोआप मांड्यांखाली गेले. तसंच बसून मी तिला सगळं सांगितलं. करार, गाडीतलं बोलणं, मास्तर काय म्हणाले ते, एकही शब्द न गाळता. म्हटलं, जिथे तक्रार करता येईल तिथे करणार, माझं नाव देणार, सगळ्या दुकानदारांना कळवणार. ती स्क्रीनकडे बघत ऐकत होती.

“ताई, ते वाक्य मी लिहिलं. माझा त्याच्यावर विश्वास होता, शप्पथ सांगते. ते वाचूनच तू त्या दिवशी बिलं चढवलीस.”

“कुठलं वाक्य?”

मी मांडीखालचा हात काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाला स्क्रीनवर बोट दाखवलं. ताईने चष्मा लावला, पुढे वाकली आणि ओठ हलवत वाचलं.

“हे तेव्हाही होतं इथे?”

“दुसऱ्या वेळेपासून. तू थांबलीस, वाचलंस, आणि मग...”

“मी कुठे वाचलं गं!” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. “मला चष्मा शोधायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, ही मागे बसलीय. काही वाईट असतं तर बोलली नसती का? म्हणून दाबलं.”

वाक्य खोडता आलं असतं, निदान त्याच्याबद्दल भांडता तरी आलं असतं. माझी मागची खुर्ची कशी खोडणार?

ताईने स्क्रीन बंद केली नाही. तिने बिलांची फाईल पुढ्यात ओढली, चष्मा नीट केला आणि स्क्रीनवरच्या पहिल्या ओळीपासून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. मी पुढे वाकून काही सांगायला गेले, तशी तिने मान न वळवता हात वर केला.

“जरा बाहेर बसतेस का? तू मागे असलीस की मी वाचत नाही.”

मी उठले, खुर्ची उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.