मेंदीच्या भुलभुलैयात

फोन आला तेव्हा मी कराडच्या अलीकडे होतो. ऊस तुटून गेलेल्या एका शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. शेताच्या मालकाला लेंड्यांचं खत मिळतं, आमच्या मेंढ्यांना पाला मिळतो. दिवाळीनंतर आटपाडीकडे चारा राहत नाही, म्हणून आम्ही दरवर्षी इकडे येतो. सकाळचे दहा वाजले असतील. फोनवर एक बाई होती. तिनं एक नाव घेतलं आणि विचारलं, या तुमच्या कोण लागतात?

मी म्हणालो, या नावाचं आमच्यात कोणी नाही. आणि फोन ठेवून दिला.

एका मेंढीच्या खुरात काटा गेला होता. तो काढायला बसलो. काटा निघाला आणि मग माझ्या ध्यानात आलं, ते नाव माझ्या बायकोचं होतं.

हे कसं झालं ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील याला वेड लागलंय. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही आणि बायको नवऱ्याला मारत नाही. मी तिला 'अगं' म्हणायचो, ती मला 'आवं' म्हणायची. मुलगा झाल्यावर ती शिवतेजची आई झाली. गावात ती कुणाची वहिनी, कुणाची काकू. माझ्या मोबाईलमध्ये तिचा नंबर 'घर' म्हणून होता. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. लग्नात नाव घ्यायला करवल्यांनी दारात अडवलं, तेव्हा मेंढरं सुटली असं सांगून मी परसातून पळालो होतो. मेंढरं सुटली नव्हती. ही गोष्ट ती येईल त्या पाहुण्याला सांगायची.

मी फोन परत लावला. ती दवाखान्यातली नर्स होती. बायको सकाळी भाकरी थापता थापता कोसळली. सून अंकितानं तिला शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, पण पोचायच्या आधीच ती गेली होती. अंकिताला बोलता येईना, म्हणून नर्सनं मला फोन लावला होता. मी तिथं गेल्यावर एका टेबलावर मयताचं नाव विचारलं. मी आधार कार्ड पुढं केलं. गावात नोंद करतानाही कार्डच पुढं केलं. नाव घ्यायची वेळ आलीच नाही.

पण फोनवर मी तिला आमच्यात कोणी नाही म्हटलं होतं, ते काही केल्या डोक्यातून जाईना.

आता सहलीचं सांगतो.

बायकांच्या बचत गटाची दरवर्षी एक सहल निघते. मागच्या वर्षी त्या सांगलीकडच्या एका जुन्या संस्थानी बागेत गेल्या होत्या. परत आल्यावर पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तिथं मोटारीशिवाय उडणारं कारंजं आहे, काचेचं घर आहे, फुलांचं घड्याळ आहे, बसायची छोटी रेल्वे आहे. आणि राजानं लावलेला मेंदीचा भुलभुलैया आहे. मेंदी डोक्याच्या वर वाढलेली. बायांनी एका दारानं जायचं, बाप्यांनी दुसऱ्या. आत वाटाच वाटा. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, त्यामुळं एकमेकांना नावानं हाक मारल्याशिवाय भेट होत नाही.

हे सांगताना तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "फुडल्या साली जोडीनं जायाचं ठरलंय. मी मधी जाऊन बसनार. नावानं हाक मारल्याबिगर बाहीर येनार न्हाई. बगू तितं कुठली मेंढरं सुटत्यात."

मी म्हणालो, मग बस तिथंच.

दिवाळीत तिनं आमच्या दोघांची नावं यादीत घातली. डिसेंबरात ती गेली. सहल मार्चात होती. गटाची अध्यक्ष प्रियदर्शनी घरी आली आणि अंगणातच उभी राहिली. कसं विचारावं ते तिला कळत नव्हतं. तुमचं नाव खोडू का, असं तिला विचारायचं होतं. मी काही बोलायच्या आत अंकिता आतून म्हणाली, "मामा, तुमी जावा. आत्यांनी घातलेलं नाव हाय."

मी जातो म्हणालो. दोघींना वाटलं, सुनेच्या शब्दासाठी निघालाय. तसं नव्हतं. त्या भुलभुलैयात जायचं आणि तिला एकदा नावानं, मोठ्यानं हाक मारायची, असं मी ठरवलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मेंढ्या भावाकडं सोपवल्या. मिनीबसमध्ये अकरा जोड्या आणि मी. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. विट्याच्या पुढं जाईपर्यंत तिथं कुणी काही ठेवेना. मग बयाबाईनं आपली जेवणाची पिशवी आणून आदळली आणि म्हणाली, माझ्या मांडीला कळ लागली, हिला सांभाळ. त्यानंतर सगळ्यांच्याच पिशव्या आल्या. तासगाव येईपर्यंत मी शेंगदाण्याच्या चटणीच्या वासात बसलो होतो.

बयाबाईचे मालक आप्पासो लष्करात होते. सत्तरी ओलांडली तरी ते सिव्हिल लोकांवर नाराज असतात. बस कुठंही थांबली की ते सगळ्यांना खाली उतरवून मोजायचे. तासगावच्या पुढं रस्त्याकडेला बेदाण्याचं शेड दिसलं, तर बायांनी बस थांबवायला लावली. शेडवाल्यानं ओंजळ ओंजळ बेदाणा दिला. आप्पासोंनी तिथंही मोजणी केली आणि एक बाई जास्त भरली. ती शेडवर काम करणारी होती, आमच्या बायांशी गप्पा मारत रांगेत उभी राहिली होती.

बाग मोठी आहे. दगडी कमान, आत दोन्ही बाजूला जुनी झाडं, इतकी जुनी की त्यांना नंबर दिलेत. पुढं हिरवळ. एवढं गवत, पाणी मारलेलं, आणि त्याला तोंड लावायला कोणी नाही. वर पाटी, गवतावर बसू नये. माझ्या मनात आपसूक हिशोब सुरू झाला, एवढ्यावर किती मेंढ्यांचे किती दिवस निघतील. मी तिथंच उभा राहिलेला बघून आप्पासोंनी माळ्याला सांगितलं, या गड्याकडं गवत कापायची दोनशे मशिनं आहेत, डिझेल लागत नाही, खतही टाकतात. माळी खरंच चौकशी करायला लागला. भाडं काय, कुठल्या कंपनीची? मी पळालो.

कारंजं बघितलं. मागच्या टेकडीवरच्या हौदातून पाणी आपल्या जोरानं येतं आणि दोन पुरुष उंच उडतं. आमच्याकडं पाणी मोटार लावूनही वर चढत नाही, त्यामुळं सगळे बराच वेळ तिथं उभे होतो. काचेच्या घरात गार वाटलं. आत नुसते नेचे, कुंड्यांतून लोंबलेले. बयाबाईनं सगळं फिरून बघितलं आणि माळ्याला विचारलं, याला फूल नाही, फळ नाही, शेळी खात नाही, मग राजानं हे पाळलं कशाला? माळी म्हणाला, शोभेला. बयाबाई म्हणाली, मग राजाला काम नव्हतं.

फुलांचं घड्याळ चाळीस मिनिटं मागं होतं. आप्पासोंना ते सहन झालं नाही. छोट्या रेल्वेत आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि दोन फेऱ्या मारल्या. हसून हसून प्रियदर्शनीच्या नवऱ्याचा चष्मा पडला. मी पण हसलो. हसताना माझी नजर एकदा शेजारी गेली, तिथं आप्पासोच होते.

मग भुलभुलैया.

बाया एका दारानं आत गेल्या, आम्ही दुसऱ्या. पहिली दोन मिनिटं नुसतं खुसखुस हसणं ऐकू येत होतं. मग बयाबाईचा आवाज आला. "आप्पासोऽऽ!"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सगळी मेंदी गप्प झाली. तिचं तिलाच इतकं गोड वाटलं असणार की ती थांबेचना. आप्पासो, आप्पासो, एका दमात सात-आठ वेळा. आप्पासो माझ्यापासून चार हातांवर मेंदीत अंग चोरून उभे होते. मी म्हणालो, आवं, ओ द्या की. ते हळूच म्हणाले, "गप रं. इज्जतीचा सवाल हाय."

तिचं ऐकून बाकीच्या बायांनाही धीर आला. कुठून कुठून नावं यायला लागली. बाप्ये मात्र सगळे एकाच नावानं ओरडत होते, अगं ए.

मी चालत राहिलो. लोक वाट चुकतात ते वर बघतात म्हणून. मी जमीन बघत होतो. जी वाट पुढं बंद होते तिच्या टोकाला गवत राहतं, कारण माणसं आधीच मागं फिरतात. जी वाट पार जाते ती उघडी पडलेली असते. चार-पाच मिनिटांत मी मधोमध पोचलो. तिथं एक गोल दगडी ओटा आहे, बसायला. तो मोकळा होता.

मी ओट्याजवळ उभा राहिलो. छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "अगं ए!"

चारी बाजूंनी पाच-सहा बायांनी "ओ" दिली.

मग त्यांना आवाज कुणाचा ते ओळखू आलं. सगळं शांत झालं. मेंदीत कुठंतरी कुणाच्या बांगड्या वाजल्या तेवढंच. मग बयाबाई बोलली, या वेळी हळू. "अर्जुना, नावानं हाक मार की रं. आमी समदी गप बसतो."

म्हणजे बायकोनं आपली अट बायांना सांगून ठेवली होती.

बावीस माणसं माझ्यासाठी गप्प बसली होती. मी ओठ हलवले. मग म्हणालो, चला, भूक लागली. आणि ज्या वाटेनं आलो त्या वाटेनं बाहेर पडलो.

चिंचेखाली जेवणं झाली. माझ्यासमोर कुणी विषय काढला नाही. भाकरी मात्र प्रत्येकीनं वाढली. मला पाच भाकरी खाव्या लागल्या. नंतर बाकीचे आडवे झाले तसा मी उठलो आणि परत मेंदीकडं गेलो. म्हटलं, आता कोणी ऐकायला नाही.

दाराशी मघाचाच माळी मोठ्या कात्रीनं मेंदी छाटत होता. मला बघून त्यानं आधी मशिनींचं विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही, म्हणाला, मेंढ्या चालल्या असत्या, पण साहेब परवानगी देणार नाहीत. मग विचारलं, आत कोणी राहिलंय का? माझ्या तोंडून गेलं, व्हय, मंडळी हायत.

"मग हाक मारा की नावानं. न्हाईतर मी मारतो, माजा आवाज मोठा हाय. नाव काय म्हनला?"

मी म्हणालो, मीच मारतो. तो बरं म्हणाला आणि कात्रीचा आवाज नको म्हणून कात्री मिटून उभा राहिला. मी मेंदीकडं तोंड केलं. नाव मला माहीत आहे. लिहिताही येतं, मी सातवीपर्यंत शिकलोय. नाव घशापर्यंत आलं. तो माणूस कात्री धरून थांबला होता, आणि मी थांबलो होतो.

बसचा हॉर्न वाजला.

माळी म्हणाला, "तुमी जावा फुडं. सांच्याला सहाला बंद करतो, तवा आत फिरून समद्यास्नी बाहीर काढतो. त्यास्नी बी काढीन. काळजी करू नगा."

आता हा बिचारा सहा वाजता तिला शोधत फिरणार. ते मला बरं वाटेना. मी सांगितलं, आत कोणी नाही, बायको डिसेंबरात वारली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हाक कुणाला, असं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, नर्सच्या फोनपासून. बसचा हॉर्न पुन्हा वाजला, आप्पासोंनी मोजणीसाठी शिट्टीही मारली, पण माळ्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

मग त्यानं कात्री उघडली. "माज्या मंडळीचं नाव मी बी घेत न्हाई," तो म्हणाला. "मंगळवारी बंद असतं. बाकी कवा बी या."

मी बसमध्ये जाऊन बसलो. पिशव्या आता रिकाम्या होत्या, त्या बायांनी आपापल्या घेतल्या होत्या. तासगावपर्यंत बयाबाई आप्पासोंना नावानंच बोलत होती, पाणी द्या आप्पासो, खिडकी लावा आप्पासो, आणि आप्पासो खिडकी लावत होते. सगळी बस हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी मेंढ्यांकडं कराडला गेलो. एक मंगळवार झाला, दोन झाले. पाऊस पडायच्या आत घरी परतायचं आहे, त्याआधी एकदा वाट वाकडी करून बागेत जाता येईल. अजून गेलो नाही. इथं शेतातही कोणी ऐकायला नसतं, इथंही जमलेलं नाही. तिला नावानं हाक मारायची राहिली आहे.