दलाली एकदाच

मागची खोली मी भाड्याने द्यायला अ‍ॅपवर टाकली ती मुलाच्या हट्टापायी. शनिवार-रविवार पाहुणे यायचे, फोटो काढायचे, जायचे. मग एक शिक्षिका आल्या, अर्धांगवायू झालेल्या वडिलांना घेऊन. हॉस्पिटल समोरच, व्यायामाला रोज न्यायचं. बुकिंग महिन्याचं होतं. महिना संपत आला तेव्हा आजोबा पलंगाला धरून उभे राहायला लागले, आणि बाई सामान बांधायला लागल्या.

"भाडं कसंबसं जमवीन, पण वर अ‍ॅपची फी दर महिन्याला. ती नाही झेपत."

माझं डोकंच फिरलं. अ‍ॅपने पाहुणा गाठून दिला, त्याची दलाली घेतली, ठीक. पण चादरी मी धुते. आजोबा बाथरूममध्ये पडले तेव्हा उचलायला मी धावले. लग्न जुळवणाऱ्याने काय दर महिन्याला जेवायला यायचं?

शहाण्या बाईने पुढचं कानात सांगितलं असतं. मी अ‍ॅपवरच लिहिलं, 'सामान सोडा. पहिल्या महिन्याची फी अ‍ॅपवाल्यांना मिळाली. पुढचं भाडं थेट माझ्या हातात द्या.' चोरी थोडीच करत होते.

अ‍ॅपवरचे मेसेज मुलालाही दिसतात. तासाभरात त्याचा फोन. "आई, अगं त्यांच्याच दारात उभं राहून त्यांना सांगतेस? पैसे अ‍ॅपवरूनच घ्यायचे, हा नियम आपण मान्य केलाय."

"मग मोडला म्हणून सांग. शिक्षा होईल ती घेऊ."

पाठोपाठ अ‍ॅपच्या कंपनीतल्या मुलीचा फोन, अगदी गोड. "मॅडम, मेसेज मागे घ्या. चुकून गेला असं समजू."

"चुकून नाही गेला. विचार करून लिहिलाय."

"मग तुमची खोली आमच्याकडून कायमची काढावी लागेल."

अ‍ॅपवरून येणाऱ्या पाहुण्यांवर माझं घर चालायचं. तरी म्हटलं, "काढा," आणि फोन ठेवला. मग मागे जाऊन बाईंची बॅग मीच उघडली.

चार महिन्यांनी आजोबा किल्ली द्यायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. भिंतीला हात लावत, पण स्वतःच्या पायांनी. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि तिथेच स्टुलावर टेकले. मी डोळे पुसले आणि चहा टाकला.

आता खोली रिकामी आहे. मुलगा रोज म्हणतो, "माफी माग, परत घेतील."

त्याला एवढंच विचारलं, "आजोबा चालत आले, त्याची माफी कुणाकडे मागू?"