निळा उशिरा ऐकतो

माझा भाऊ पोन्सो तीन वर्षं बास्केटबॉलमध्ये अजिंक्य होता. म्हणजे टीव्हीवरच्या. खऱ्या मैदानावर आता त्याला कुणी उभं करणार नाही. अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि दोन्ही गुडघे बोटीच्या इंजिनखोलीत झिजवून आलाय. पण शनिवारी दुपारी बांबूच्या कोचावर मांडी ठोकून बसला आणि हातात कंट्रोलर घेतला, की आमच्या आख्ख्या गिम्बाल गावात त्याला हरवणारा माणूस नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा. चर्चच्या पायरीवर पाद्रींनासुद्धा सांगून झालं होतं.

मी सेलिंग, त्याची मोठी बहीण. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि पोन्सोच्या अंगणापलीकडे राहते. त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला घरातल्यांच्या आधी कळतं.

ते खेळाचं यंत्र घरात आणलं पोन्सोच्या मुलाने, नोनोयने. त्याबरोबर दोन कंट्रोलर आले, दोन्ही काळे, दोन्ही अस्सल. बापलेक रोज खेळायचे आणि रोज भांडायचे. मग नोनोय मालवाहू जहाजावर नोकरीला गेला. गेला त्याच दिवशी पोन्सोने त्याचा कंट्रोलर फडक्याने पुसला आणि काचेच्या कपाटात, बाळ येशूच्या मूर्तीशेजारी ठेवून दिला. पाहुण्यांसाठी म्हणून बाजारातून दुसरा आणला. निळा, बिनतारी, कुठल्या भलत्याच कंपनीचा. “पाहुण्याच्या हातात नवाकोराच द्यावा,” असं पोन्सो म्हणायचा, आणि बिचारा अगदी मनापासून म्हणायचा.

आता या निळ्याचं काय होतं, तर तो उशिरा ऐकायचा. मी एकदाच हातात घेतला आणि पाच मिनिटांत ओळखलं. त्या खेळात बटण दाबून धरलं की खेळाडू उडी मारतो, आणि तो उडीच्या टोकाला पोचला की बटण सोडायचं. चेंडू सरळ जाळीत. पण निळ्याचं बटण सोडलं तरी खेळाडूला ते कळायचं कधी, तर तो खाली यायला लागल्यावर. चेंडू जायचा प्रेक्षकांत. पोन्सोने निळा कधी हातात धरलाच नव्हता. त्याला वाटायचं, समोरची माणसंच कच्ची. आणि त्याला हे सांगायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं.

पोन्सोची मुलगी जोव्हेलिन परिचारिका आहे. तिला मागणी घालू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी या कोचावर बसावं लागलं. पहिला एक शिक्षक होता. तो गोड गोड हसत मुद्दाम हरला. पोन्सोने ते तिसऱ्या मिनिटाला ओळखलं आणि पाचव्या मिनिटाला त्याची चप्पल त्याच्या हातात दिली. दुसरा घरून स्वतःचा कंट्रोलर पिशवीत घालून आला. “उद्या हा जेवायला ताटही घरून आणेल,” पोन्सो म्हणाला, आणि तो विषय संपला.

तिसरा जेरविन. पाणीखात्यात मीटर वाचतो. उंच, बारीक, उन्हाने रापलेला, आणि बोलायला अगदीच कमी. जोव्हेलिनला तोच हवा होता, आणि ते तिने मला, तिच्या आत्याला, स्वयंपाकघरात सरळ सांगितलं.

“तिता, जुलैत मी जपानला नोकरीला जाणार. तातयनी त्याआधी त्याच्या आईवडिलांना मागणी घालायला बोलावलं नाही, तर सगळं दोन वर्षांनी. दोन वर्षांत तातय आणखी दहा जणांना चपला देतील.”

“मग सांग ना बापाला.”

“सांगितलं. म्हणाले, आधी खेळून बघतो.”

पहिल्या शनिवारी जेरविन हरला, बावन्न–चौदा. त्याने निळ्याकडे एकदा बघितलं, टीव्हीकडे एकदा बघितलं, माझ्याकडेही एकदा बघितलं, आणि काही न बोलता केळीच्या पानातला गोड भात खाऊन घरी गेला. मी मनात म्हटलं, हा एक तर संत आहे नाहीतर ठोंब्या. पुढच्या शनिवारी सत्तेचाळीस–वीस. मग एक्केचाळीस–एकोणतीस. मी गणिताची बाई; आकडे असे एका दिशेने चालायला लागले की माझे कान टवकारतात. सहाव्या शनिवारी अडतीस–छत्तीस झाले आणि पोन्सोने पहिल्यांदा कपाळाचा घाम पुसला.

मी जोव्हेलिनला कोपऱ्यात गाठलं. “हे कसं काय?”

ती हसायलाच लागली. “त्याने बाजारातून तस्साच निळा घेतलाय, तिता. कामावरून आला की मामेभावाकडे जाऊन बसतो. खेळाडूने उडी घ्यायच्या आधीच बटण सोडायचं, म्हणजे वेळेवर पोचतं, असं गणित बसवलंय त्याने. मामेभाऊ आता त्याला घरात घेत नाही.”

संत नव्हता आणि ठोंब्याही नव्हता. मला तो पोरगा त्या क्षणी आवडला. आता हा जिंकणार, आणि पोन्सोला हार पचवायची वेळ येणार, म्हणून पुढच्या शनिवारी मी अर्धा तास आधीच जाऊन खुर्ची धरली. खिडकीत शेजारचा न्हावी इस्को आणि आणखी दोघंतिघं येऊन टेकले होते.

जेरविन येऊन बसला. त्याने सवयीने निळ्याकडे हात नेला.

“थांब,” पोन्सो म्हणाला.

तो उठला, कपाटाशी गेला, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि काच सरकवून नोनोयचा काळा कंट्रोलर बाहेर काढला. तीन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. आदल्या दिवसापासून पोन्सोने तो गुपचूप चार्ज करून ठेवला असावा, कारण दिवा लगेच लागला. दोन्ही हातांनी त्याने तो जेरविनपुढे धरला.

“सहा शनिवार न कुरकुरता हरलास. निळा पाहुण्यांना. तू हा घे.”

माझी भावजय लुदिंग पदर नसल्यामुळे फडक्यालाच डोळे पुसायला लागली. जोव्हेलिनचे डोळेही भरले. आणि मी जेरविनकडे बघितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक. मला एकदम उमगलं. दीड महिना त्याने बोटांना आधी सोडायची सवय लावली होती. आणि हा अस्सल कंट्रोलर तर जागच्या जागी ऐकतो.

व्हायचं तेच झालं. जेरविनचा खेळाडू उडी घ्यायच्या आत चेंडू फेकायचा आणि चेंडू जाळीच्या हातभर अलीकडे पडायचा. एकदा, दोनदा, दहादा. मध्यंतराला सोळा–शून्य.  पोन्सोने आपला कंट्रोलर हळूच मांडीवर ठेवला.

“मागच्या शनिवारी छत्तीस केलेस,” तो म्हणाला. “आज शून्य.”

“तितो…” जेरविन काकांना म्हणावं तसं म्हणाला.

“मुद्दाम हरतोयस. म्हाताऱ्याचं मन राखतोयस. माझ्या मुलाची वस्तू तुझ्या हातात दिली, आणि तू त्याच हातांनी मला भीक घालतोयस?”

 जेरविनची पंचाईत मला दिसत होती. गप्प बसावं तर लबाड ठरतो आणि चप्पल हातात येते. बोलावं तर या माणसाची तीन वर्षांची अजिंक्यता सगळ्या शेजाऱ्यांदेखत मातीत जाते. जोव्हेलिनने माझा दंड धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती.

“तितो,” जेरविन शेवटी म्हणाला, “मी मुद्दाम हरत नाहीये. निळा उशिरा ऐकतो. मला त्याचीच सवय झालीय. मी… मी तसाच एक घेऊन दीड महिना घासलाय. हा चांगला कंट्रोलर मला खेळता येत नाही.”

“उशिरा ऐकतो म्हणजे?”

जेरविनने सांगितलं. हळू आवाजात, मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. पोन्सो ऐकत राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला माणूस तो.

“म्हणजे बाकीचे सगळे?” तो खिडकीकडे वळला. “इस्को, तू?”

“मी काही बोललो का?” इस्को म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं, पोन्सो. पाद्रींनापण.”

मग तो माझ्याकडे, थोरल्या बहिणीकडे, वळला. “मनांग?”

“बावन्न–चौदा कसं होतं, ते कळायला मला फार शिकावं लागत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

मला राग आला. स्वतःचा, त्याचा, त्या जहाजाचासुद्धा. “नोनोय गेल्यापासून आठवड्यातून एकदाच हसायचास रे! शनिवारी. तेवढंच काढून घेऊ तुझ्याकडून? ते मी कशाला केलं असतं?”

 पोन्सोने टेबलावरचा निळा उचलला, यंत्राशी जोडायची तार लावली, दोन बटणं दाबून धरली. चार दिवे लुकलुकले आणि एक स्थिर झाला. इतक्या पाहुण्यांना जोडून दिला होता, पण स्वतःसाठी पहिल्यांदाच जोडत होता.

“पुन्हा सुरुवातीपासून,” तो म्हणाला. “तू तो काळाच ठेव.”

त्यानंतर जो खेळ झाला, तसा वाईट खेळ मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी सहावीच्या मुलांचे सामने पाहिलेत. पोन्सोचा प्रत्येक चेंडू उशिरा, जेरविनचा प्रत्येक चेंडू लवकर. एक वरून जायचा, एक अलीकडे पडायचा. पहिला गुण व्हायलाच तीन मिनिटं लागली, तोही पोन्सोच्या खेळाडूच्या डोक्यावर आपटून गेला म्हणून. “अरे, ऐक की बहिऱ्या!” पोन्सो निळ्यावर ओरडत होता. जेरविन ओठ चावून स्वतःच्या अंगठ्यावर चिडत होता. इस्को खिडकीत कपाळ आपटून घेत होता. लुदिंग हसता हसता खाली बसली. आणि मग पोन्सो हसला. छोटं नाही, पोट धरून, खोकला येईपर्यंत हसला. नोनोयशी भांडताना हसायचा तसा.

शेवटचे चार सेकंद. दहा–नऊ, पोन्सो पुढे. जेरविनने मैदानाच्या अर्ध्यातून चेंडू भिरकावला. तो जाळीच्या कडेवर आदळला, फळीवर आदळला, पुन्हा कडेवर फिरला आणि आत पडला.

आणि आमचा मुका मीटरवाला कोचावरून उडी मारून उभा राहिला, दोन्ही मुठी वर, “हरवलं! म्हाताऱ्याला हरवलं!” असं बोंबलत खोलीत नाचला. दीड फेरी झाल्यावर त्याला आपण कुठे आहोत ते आठवलं. तो होता तिथेच बसला आणि लाल झाला.

पोन्सोने निळा टेबलावर ठेवला.

“असा नाचणारा माणूस मुद्दाम हरत नसतो,” तो म्हणाला. “आता खरं सांग. दीड महिना तो भंगार कंट्रोलर कुणासाठी घासलास?”

जेरविनने जोव्हेलिनकडे बघितलं, मग पोन्सोकडे. “पहिले दोन आठवडे हिच्यासाठी.”

“आणि नंतर?”

“नंतर तुम्हाला हरवायला, तितो. नंतर हिची आठवणसुद्धा यायची नाही.”

जोव्हेलिनने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोन्सोने मात्र मान डोलावली, जणू खलाशी भरती करताना बरोबर उत्तर मिळालं. खिडकीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “मी हरलो. लिहून ठेवा कुठेतरी.” आणि जेरविनला म्हणाला, “आईवडिलांना घेऊन ये.”

“उद्याच येतील!” जोव्हेलिन म्हणाली. फोन तिच्या हातात होताच, आणि मला दाट संशय आहे की तिकडून कुणीतरी आधीपासून ऐकत होतं.

“उद्या नको,” पोन्सो निळ्याला चार्जिंगची तार लावत म्हणाला. “उद्या हा खेळायला येतोय. परवा आणा त्यांना.”