गळ्यातला दोरा

गाठ सुटत नव्हती — नखाएवढी, घामाने आणि विभूतीने दगडासारखी झालेली, नीलम्माच्या मानेवरच्या दोऱ्याची गाठ — आणि दोन हजार तेवीस सालच्या त्या उन्हाळी सकाळी श्रीदेवी तिच्या मागे उभी राहून ती बोटांनी सोडवत होती, कारण कात्री लावायला मन होत नव्हतं. कात्री शेजारीच होती. भावाची मुलगी शिवप्रिया ती ठेवून गेली होती. "आत्या, डॉक्टर पोहोचतीलच आता, उगाच वेळ लावू नका," म्हणाली होती.

सास्तूरच्या त्या घरात नऊ बायका राहत होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये श्रीदेवीने पहिल्या तिघींना ठेवून घेतलं होतं — ज्यांचं कुणी उरलं नव्हतं आणि ज्यांचं डोकंही ठिकाणावर उरलं नव्हतं — तेव्हा परवाना कुणी विचारला नाही. कोण विचारणार होतं... सरकारी माणसंसुद्धा तेव्हा हात जोडूनच बोलायची. आता नवा कायदा होता. मनाने आजारी माणसं ठेवायची तर राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. नाहीतर घर बंद, आणि बायका कुठल्या तरी दूरच्या सरकारी मनोरुग्णालयात. मागच्या तपासणीत सांगितलेलं सगळं करून झालं होतं. खिडक्यांना जाळ्या बसल्या, बाहेरून लावायच्या कड्या निघाल्या, आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीवर चढलं. एकच राहिलं होतं. रुग्णाच्या गळ्यात दोरा नको.

"दोरा म्हणजे दोरा," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, चिडून नव्हे. दुसऱ्या एका ठिकाणी एका पोरीने गळ्यातल्या गोफानेच... वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं, आणि श्रीदेवीला त्यांचा राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. आताशा तिला समोरच्याचंही पटायचं आणि आपलंही पटायचं, आणि मधे तिचा जीव नुसता शिणून जायचा.

"अक्का," नीलम्मा मान खाली घालूनच म्हणाली, "पूजा झाली न्हाय अजून."

"नंतर करू."

"नंतर कशाची?"

गाठ सुटली. दोऱ्यात ओवलेली इष्टलिंगाची चांदीची डबी अंगाची ऊब घेऊन श्रीदेवीच्या हातात आली. दीक्षेच्या दिवशी स्वामींनी सांगितलं होतं — हे अंगावेगळं झालं की माणूस असून नसल्यासारखा. श्रीदेवीची आजी तर दाणे पाखडता पाखडतासुद्धा छातीशी चाचपून बघायची, आहे ना, आहे ना... आणि भूकंपात ढिगाऱ्यातून तिच्या नवऱ्याला, गौरीशंकरांना काढलं, तेव्हा त्यांचा चेहरा चेहरा राहिला नव्हता. तिने सदऱ्याखाली हात घातला, बोटांना डबी लागली, आणि मग ती रडली. तोवर रडली नव्हती. शेजारच्या दगडमातीवर नीलम्मा बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती — पोरांची दीक्षा झाली न्हाय अजून, म्या कशी वळखू त्यांना?

डबी देव्हाऱ्यात ठेवायची असं शिवप्रियाशी ठरलं होतं. श्रीदेवी देव्हाऱ्यापर्यंत गेलीही. पण देहावाचून लिंग असं उघड्यावर... काही न ठरवता तिने तो दोरा आपल्याच गळ्यात बांधला आणि पदर ओढून घेतला. एका गळ्यात दोन लिंगं, तिचं आणि नीलम्माचं. असं कुणी करत नाही. काय चाललंय हे माझं, किती दमले मी — गुडघे, जाळ्या, जाळ्यांच्या मागचे हेलपाटे — आज एकदाचं संपू दे, एवढंच.

डॉक्टर धाराशिवहून आले. बायकांच्या तोंडी ते अजून उस्मानाबादचेच. जाळ्या हलवून बघितल्या, मग ओसरीवर बायकांशी एकेक करून बोलायला बसले. तामलवाडीची दगडाबाई सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट.

"सायेब, आमचं दोरं काढाय लावलं, आन् तुमच्या गळ्यात ही फीत कसली ओ? तुमाला भ्या न्हाय व्हय?"

बायका खिदळल्या. डॉक्टरही हसले. ओळखपत्राची फीत गळ्यातून काढून त्यांनी खिशात कोंबली.

"घ्या. काढली."

"लई गुणाचं लेकरू हाय!"

मग नीलम्मा. पुढ्यातले पोहे तसेच होते.

"बाई, खात का नाही?"

"म्या न्हाय आता."

"नाही म्हणजे?"

"मेलेय की. सकाळीच." वीज गेली म्हणून सांगावं इतक्या साधेपणाने ती म्हणाली.

डॉक्टर शिवप्रियाकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "आपण मेलोय असं वाटणं हे गंभीर लक्षण आहे. जेवणही सोडलंय. ह्यांना इथं ठेवता येणार नाही. हलवा, म्हणजे बाकीच्यांची नोंदणी आजच लिहून देतो."

शिवप्रियाने आत्याकडे पाहिलं. गप्प राहा, एवढंच त्या नजरेत होतं. वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या तिनेच झिजवल्या होत्या. आठ जणींचं घर वाचत होतं. आठ... आणि नीलम्मा कुठल्या तरी लांबच्या खोलीत, जिथे ती काय म्हणते ते कुणाला कळणार नाही. वेड म्हणतील. मग स्वामी वेडे, आजी वेडी. आणि मी? माझ्या गळ्याला तर कुणी हातसुद्धा लावला नाही. मी रुग्णांत बसलेय की चालकांत, एवढंच पाहिलं त्यांनी.

"साहेब," श्रीदेवी म्हणाली, आणि आपला आवाज तिला परका वाटला, "ती आजारी आहे. पण हे तिचं आजारपण नव्हे. माझं लिंग काढलंत तर मीही हेच म्हणेन."

पदराखाली हात घालून तिने एक दोरा डोक्यावरून ओढून काढला.

"आत्या! तुम्ही घातलं होतंत?"

श्रीदेवीने दोरा डबीभोवती गुंडाळून नीलम्मापुढे धरला. नीलम्माने डावा तळहात पसरला, पूजेला पसरावा तसा.

डॉक्टर त्या तळहाताकडे वाकले. मग कपाळ चोळत म्हणाले, "गळ्यात नको, बाई. दंडावर कापडी पट्टी बांधा, तिला छोट्या झोळीसारखा खिसा शिवून, दोरा न ठेवता. मी वर्षाची तात्पुरती नोंदणी लिहितो. पुढचं पुढच्या तपासणीला."

नोंदणी आली. डॉक्टरांची पुढे बदली झाली, आणि नव्या साहेबांनी अजून मुदत तेवढी वाढवून दिली आहे, कायमचं काही नाही. दगडाबाईला तिचा भाचा तामलवाडीला घेऊन गेला. ती तिथेच वारली. घर आता शिवप्रिया चालवते. आत्याशी ती पहिल्यासारखी भांडत नाही, आणि त्याचंच श्रीदेवीला वाईट वाटतं. नीलम्मा जेवते. दंडावरच्या खिशावर तिचा हात असतो.

श्रीदेवी मात्र रोज सकाळी डबी उघडताना थांबते. भूकंपानंतर मठातून सगळ्यांना एकसारख्याच डब्या मिळाल्या होत्या, आणि त्या घाईत पदराखाली दोनांपैकी कुठला दोरा हाताला लागला... तिच्या स्वतःच्या डबीच्या तळाला एक बारीक पोचा होता. अंगठा फिरवला तर कळेल. नीलम्मालाही कळलं असेल. तीही काही बोललेली नाही. पूर्वी नुसत्या विचारानेच श्रीदेवीला धडकी भरली असती, ती स्वामींकडे धावली असती. आता ती अंगठा तिकडे नेत नाही. विभूती लावते, डोळे मिटते, आणि तळहातावर जिचं कुणाचं असेल तिचं असू देते.