समोरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी निळी ताडपत्री आहे. निळी म्हणायचं ते आता सवयीने. माझा रंग उन्हाने कधीच खाल्ला आणि उरलेली जागा लाल धुळीने आणि सांडलेल्या रंगांनी भरून टाकली. माझ्या कडेच्या पितळी कड्या बऱ्याच निखळल्या आहेत, मधून मी विरले आहे, आणि खरं सांगायचं तर फार थकले आहे. वाळवंटात ऊन रोज कामावर येतं. सुट्टी घेत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. दोन यंत्रांच्या मधून दाबून निघाले आणि एका मालट्रकवर चढले, एवढंच आठवतं. वाळवंटातल्या एका आदिवासी वस्तीच्या दुकानासाठी पीठ, साखर आणि चहा यायचा, त्यावर मी पांघरलेली असायची. एका कच्च्या रस्त्यावर माझा कोपरा टर्रकन फाटला. ड्रायव्हरने शिवी हासडली आणि मला दुकानामागे फेकून दिलं. तिथे वस्तीतली कुत्री माझ्यावर झोपू लागली. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला उचललं आयव्हीने. ती चित्रं काढायची, आणि तिला वाळूवर अंथरायला काहीतरी हवं होतं.

"हे कशाला घरी आणतेस? त्यावर कुत्र्यांनी काय काय केलंय बघ तरी," तिची आतेबहीण मर्टल नाक धरून म्हणाली.

"तुझ्या गादीवर कुत्री झोपतात ते चालतं. मग त्यांच्या गादीवर तू बसलीस तर काय बिघडलं?"

असं माझं खरं आयुष्य सुरू झालं. रोज सकाळी आयव्ही मला घरापुढच्या झाडाखाली पसरायची. सावली सरकली की मला ओढून सावलीत न्यायची. कॅनव्हास माझ्यावर आडवा पडायचा. आमच्याकडे चित्र उभं करून काढत नाहीत. जमिनीची गोष्ट जमिनीवरच बसून काढायची. आयव्ही मांडी घालून एका कडेला बसे, काडीचं टोक रंगात बुडवून टिंबामागून टिंब टेकवत जाई, मग उठून दुसऱ्या कडेला बसे. तिच्या चित्राला वर आणि खाली असं काही नसे. माशा असत, काळा गोड चहा असे, राखेत भाजलेली जाड भाकरी असे, आणि कुणी घोरपड मारून आणली तर त्या दिवशी चित्र लवकर थांबे.

आयव्ही नेहमी तिच्या वडिलांचं पाणी काढायची. दूर टेकड्यांमध्ये एक पाणवठा आहे, त्याची गोष्ट तिला वडिलांकडून मिळालेली. त्या गोष्टीचा आतला भाग मी सांगणार नाही. तो हक्क ताडपत्रीला नाही.

पण हक्काची एक रीत मात्र तुम्हाला सांगायला हवी. बापाकडून आलेली गोष्ट काढायची मुलीने, आणि ती नीट काढते की नाही यावर डोळा ठेवायचा आत्याच्या मुलांनी. म्हणून मर्टल रोज समोर बसायची. त्या चित्राला ती काडी लावत नसे. फक्त बोलत असे, आणि बोलणं चावरं.

"तिथे टेकडी? तुझ्या सासरहून आणलीस का?"

"जरा उन्हातून सावलीत सरक, म्हणजे तुला नीट दिसेल."

"मला दिसतंय. तुलाच दिसत नाही."

असं दिवसभर चाले. पण मर्टलने "हं" म्हटल्याशिवाय आयव्हीचं एकही चित्र माझ्यावरून उठलं नाही.

एकदा शहरातून आलेला एक पाहुणा चित्र सोडून मलाच न्याहाळत बसला. कडेबाहेर गेलेली टिंबं माझ्या अंगावर साचली होती, ती त्याला आवडली. तो मला विकत मागू लागला. मर्टल म्हणाली, "दे, दे. पुढच्या वेळी तो तुझा झगा मागेल." सगळे हसले आणि मी राहिले. नंतर बरेच दिवस मी जरा ताठच होते. माझं कौतुक ते एवढंच.

पुढे मर्टलची मूत्रपिंडं गेली. आमच्या वस्तीत रक्त धुणारं यंत्र नव्हतं. ते अ‍ॅलिस शहरात, म्हणजे दिवसभराच्या रस्त्यावर. एक दिवस जाऊन भागत नाही, आठवड्यातून तीनदा त्याच्या नळ्या हाताला जोडून बसावं लागतं. मर्टलने पिशवी भरली आणि आजाऱ्यांच्या वसतिगृहात राहायला गेली. माझ्यावरची समोरची जागा रिकामी झाली. तिथे धूळ बसू लागली.

आयव्हीचे डोळेही साखरेच्या आजाराने विझत चालले होते. तिने एक मोठा कॅनव्हास पसरला आणि मुलीला, ग्लेनिसला म्हणाली, "वडिलांचं पाणी हे शेवटचं. येत्या थंडीपर्यंत मला टिंब आणि माशी यातला फरक कळणार नाही. तुम्ही पोरं यावरूनच शिकाल."

ती हळू काढत होती. दुपारी काडी हातात धरून तशीच झोपून जायची. पुष्कळ दिवसांनी कॅनव्हास भरला. वस्तीतली चित्रं विकणाऱ्या केंद्रातली बाई गाडी घेऊन आली. ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "आजी, काय सुंदर झालंय! नेऊ का?"

"सुंदर आहे, ते मला दिसत नसलं तरी हाताला कळतंय," आयव्ही म्हणाली. "पण बरोबर आहे का? कडेकडेने फिरताना मी कुठेतरी चुकले, असं वाटतंय. कुठे ते सापडत नाही."

"कुणाला कळणार आहे, आजी?"

"ज्या बाईला कळेल ती शहरात पडलीय. मी जाते तिच्याकडे."

मित्रांनो, आमच्या वस्तीत त्या वेळी एकच गाडी चालू होती, आणि ती आयव्हीच्या जावयाची. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत, बघतही नाहीत. लाजेची रीत आहे ती. मग जावई पुढे चाकावर, शेजारी ग्लेनिस, आणि आयव्ही मागे उघड्या हौद्यात रस्त्याकडे पाठ करून. कॅनव्हास गुंडाळून तिच्या मांडीवर, आणि मी तिच्या डोक्यावरून पांघरलेली.

एक मोठा खड्डा आला. आयव्ही वाऱ्याला म्हणाली, "कुणीतरी रस्ता बघून चालवलं तर म्हाताऱ्या माणसांची हाडं जागेवर राहतील."

पुढून जावयाचा आवाज आला, तोही वाऱ्यालाच, "कुणीतरी कडेला बसलं नाही, मध्ये बसलं, तर हाडं उडणार नाहीत."

ग्लेनिस दोघांच्या मध्ये हसून हसून रडत होती. मी दिवसभर फडफडले. माझी शिवण दोन जागी उसवली.

वसतिगृहाच्या अंगणात सिमेंट होतं, आणि तिथे रंग सांडलेला चालत नव्हता. म्हणून आम्ही रस्त्यापलीकडच्या कोरड्या नदीत उतरलो. आयव्हीने मला वाळूवर पसरलं, वर कॅनव्हास उलगडला. ग्लेनिस मर्टलला धरून घेऊन आली. ती नुकतीच यंत्रावरून उठली होती. किती वाळली होती! माझ्यावर बसली तेव्हा मला वजनच जाणवलं नाही.

"आलीस?" ती म्हणाली.

"आले. बघ."

मर्टल बघत राहिली. आयव्हीचे हात मांडीत एकमेकांना चोळत होते. मर्टलने "हं" म्हटलं नाही.

"हे काय केलंस गं? लहान झरा सकाळच्या बाजूला? तुझा बाप या चित्रावर चालत गेला असता तर तहानेने मेला असता!"

आयव्हीचे खांदे खाली आले. मला वाटलं ती रडेल. ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "मला वाटलंच होतं," म्हणाली. "अगं, मला वाटलंच होतं! कुठे हवा तो?"

मर्टलने ओठ पुढे करून जागा दाखवली, आमच्याकडे दाखवतात तशी. आयव्हीला ओठ दिसेनात. मग मर्टल सरकत सरकत तिच्या बाजूला आली आणि तिने आयव्हीचं मनगट धरलं. चुकीच्या झऱ्यावर काळा रंग फिरला. खऱ्या जागी आयव्हीने नवं वर्तुळ काढलं, त्यात दुसरं, त्यात तिसरं. मर्टल तिचा हात नेऊन ठेवत होती, काढत मात्र आयव्हीच होती. सावली दोनदा सरकली. दोघींना मला ओढायचं बळ नव्हतं. ग्लेनिसने ओढलं.

"हं," शेवटी मर्टल म्हणाली, आणि तिथेच आडवी झाली.

रात्री दोघी माझ्यावरच झोपल्या. सकाळी जावयाने गाडी सुरू केली. रंग सुकला होता, कॅनव्हास गुंडाळून झाला. ग्लेनिस मला उचलायला वाकली, तर आयव्ही माझ्यावरच बसलेली.

"आई, ऊठ. निघायचंय."

"तुम्ही जा. चित्र केंद्रात द्या. झरा कुठे आहे ते तू पाहिलंस ना? मग झालं."

"आणि तू? इथे परक्या जमिनीवर काय करशील? डोळे नाहीत तुला."

"घरी बसून तरी काय करू? तिथे माझ्या चुका कोण काढणार?"

मर्टल डोळे न उघडता पुटपुटली, "राहू दे तिला. घोरते मात्र फार. मी आधीच सांगून ठेवते."

तेव्हापासून मी इथे आहे. आयव्हीने वसतिगृहाशेजारच्या एका नातलगाकडे पथारी टाकली आहे. यंत्राचा दिवस नसला की दोघी नदीत येतात, मला पसरतात. कधी लहानसा कॅनव्हास असतो, कधी नुसता चहा. आयव्हीला आता घराकडच्या टेकड्या दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. पण संध्याकाळी ती त्या दिशेला तोंड करून बसते.

मित्रांनो, मला धुऊन घडी करून ठेवा, असं मी म्हणत नाही. माझं काय, आणखी एक-दोन उन्हाळे. पण तुमच्या कामासमोर बसून "हे चुकलंय" म्हणणारं एखादं माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याला सांभाळा. तसं माणूस आजारी पडून दूर गेलं तर त्याच्या मागे जा. फाटकी असली तरी आपली ताडपत्री न्या, त्याच्यासमोर अंथरा, आणि त्याला नीट बसू द्या.